करार, मुदत आणि सावित्रीचे पाणी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. राज्य परिवहन महामंडळाच्या दोन गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. पुढील पावसाळ्यापूर्वी नवा पूल उभा राहणे अगत्याचे होते. त्या कामास १८० दिवसांची मुदत होती. ते १६५ दिवसांत पुरे झाले आणि ५ जून २०१७ रोजी पूल वाहतुकीस खुला करण्यात आला. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असताना झालेल्या या कामाकडे कराराच्या कायद्याच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. करारात लिहिलेली मुदत कायद्याला कितपत बांधून ठेवते, हा प्रश्न महाड-पोलादपूरसारख्या भागात दरवर्षी जून महिना विचारत असतो.

भारतीय करार अधिनियम १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आला. दोन पक्षांत झालेली प्रत्येक कबुली म्हणजे करार नव्हे, हे त्याचे पहिले सूत्र होय. कलम १० नुसार पक्ष सज्ञान व करारास पात्र असावे लागतात, संमती मोकळी असावी लागते, प्रतिफल आणि उद्देश कायदेशीर असावे लागतात. एवढे असले की खाजगी व्यवहारात तोंडी करारही सामान्यतः चालतो. शासनाच्या बाबतीत मात्र संविधानाच्या अनुच्छेद २९९ ने विशिष्ट पद्धत घालून दिली आहे. अधिकाऱ्याने तोंडी सांगितले आणि ठेकेदाराने काम उरकले, तर तो करार ठरत नाही. तथापि कामाचा लाभ शासनाने ठेवून घेतला असेल, तर कलम ७० प्रमाणे त्याचा मोबदला द्यावा लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात १९६१ मध्ये दिला. आधी काम, मागून कागद या सवयीला या निर्णयाचा आधार समजणे धोक्याचे आहे. तो करार नसतानाचा शेवटचा उपाय आहे.

आता मुदतीकडे वळू. समजा, पोलादपूर तालुक्यातील एखाद्या डोंगरवाडीतील शाळेचे छप्पर ३१ मेपूर्वी शाकारून देण्याचे ठरले आणि ठेकेदाराने ते जुलैअखेर दिले. पावसापूर्वी छप्पर हवे हाच व्यवहाराचा गाभा असल्यामुळे येथे मुदत हे कराराचे सारतत्त्व ठरू शकते. तसे ठरल्यास कलम ५५ नुसार मुदत उलटताच करार रद्द करण्याचा अधिकार काम देणाऱ्यास मिळतो. परंतु याच कलमातील पुढचा भाग पुष्कळ ठिकाणी वाचलाच जात नाही. उशिराचे काम स्वीकारताना ‘विलंबामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागणार आहोत’ अशी सूचना त्याच वेळी दिली नाही, तर ती भरपाई पुढे मागता येत नाही. काम मुकाट्याने ताब्यात घेऊन वर्षभराने दंडाचा हिशेब काढणाऱ्या संस्थेची बाजू येथेच लंगडी पडते.

दंडाचा आकडा करारात लिहिला म्हणून तो पूर्ण वसूल होतोच, असेही नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देते. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

पाऊस, दरड, पूर ही कारणे ठेकेदाराकडून हमखास पुढे येतात. कलम ५६ अशक्य झालेल्या कामातून मुक्तता देते, कठीण झालेल्या कामातून नव्हे. १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद झाला तेव्हा सुदानचा भुईमूग हॅम्बुर्गला पाठविण्याचा करार असलेल्या विक्रेत्याने सुटका मागितली. आफ्रिकेला वळसा घालून माल नेता आला असता, म्हणून ती इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९६१ मध्ये नाकारली. आंबेनळी घाट दरडीने बंद झाला आणि महाबळेश्वरकडून यायचा माल दूरच्या रस्त्याने आणावा लागला, तर जादा भाड्याचा भार याच न्यायाने पुरवठादारावर पडेल. अर्थात, करारात वेगळी तरतूद नसेल तर. शिवाय कोकणात पावसाळा ही अनपेक्षित घटना म्हणता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर बुडाले आणि तळिये येथे दरड कोसळली, तशा आपत्तीची गोष्ट निराळी.

काम अर्धवट टाकल्यास पूर्वी बहुधा पैशाच्या भरपाईवर समाधान मानावे लागे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने, किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन ते काम दुसऱ्याकडून करवून घेण्याचा व खर्च मूळ ठेकेदाराकडून वसूल करण्याचा मार्ग स्पष्टपणे खुला केला आहे.

सारे कायदेशीर दिसूनही मुळीच न बांधणारा एक करार या जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात. त्याआधी त्यांनी उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही, मजुरी मालक ठरवील ती, अशी अट असते. कधी तिच्यावर अंगठाही असतो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार अशी अट, मग ती लेखी असो वा तोंडी, शून्य आहे आणि त्या कर्जाची फेड करण्याचे दायित्वही नष्ट होते. भट्टीमालक वही घेऊन ग्रामपंचायतीत आला, तर ‘पैसे घेतलेत ना, मग फेडा’ असा निवाडा सरपंचांनी देऊ नये. प्रकरण तहसीलदारांकडे किंवा उपविभागीय दक्षता समितीकडे पाठवावे. ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ नुसार धनकोवर आहे, कातकऱ्यावर नाही.