संगणकास वाय-फायचे यंत्र दिसत नसल्यास



यू-डायसची माहिती आता ऑनलाइन भरावी लागते. ऐन वेळी संगणकास वाय-फायचे यंत्र दिसेनासे झाले, की ‘संगणक नादुरुस्त’ असा शेरा मारून तो तालुक्यास नेण्याकडे आपला कल असतो. झरी-जामणी वा मारेगाव तालुक्यातील आडगावच्या द्विशिक्षकी शाळेत अशा फेरीने एका शिक्षकाचा अध्यापनाचा दिवस वाया जातो. म्हणून दोष नेमका कोठे आहे, हे प्रथम शाळेतच क्रमाने पडताळावे.

वाय-फायची यादी उघडते, पण तीत शाळेचे नाव नाही, असे असेल तर राउटर तपासावा. यादीच उघडत नसेल तर दोष संगणकाकडे शोधावा. टेबलावरील पुष्कळ संगणकांत वाय-फायची सोय मुळातच नसते. यास्तव मागील बाजूस अँटेना किंवा यू.एस.बी. अडॅप्टर आहे काय, हे आधी पाहावे.

(१) अडॅप्टर काढून मागील दुसऱ्या पोर्टमध्ये थेट बसवावा.

(२) तरीही न दिसल्यास तोच अडॅप्टर दुसऱ्या संगणकास लावावा. तेथे चालल्यास तो निर्दोष समजावा.

(३) ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. नावापुढे खाली वळलेला बाण असल्यास यंत्र बंद ठेवलेले आहे. ते चालू करावे. पिवळी खूण बहुधा ड्रायव्हरचा दोष दर्शविते. नावच नसल्यास पोर्ट, जोडणी वा खुद्द यंत्र सदोष असण्याचा संभव अधिक.

(४) ड्रायव्हर उतरवून घेण्यास इंटरनेट हवे, आणि तेच तर बंद ! अशा वेळी मोबाइल केबलने जोडून ‘यू.एस.बी. टेदरिंग’ चालू करावे. काही अडॅप्टर प्रथम सीडीप्रमाणे दिसतात; त्यांतच ड्रायव्हर साठविलेला असतो.

(५) कार्ड आत बसविलेले असल्यास संगणक बंद करून वीजजोडणी काढल्यावाचून झाकण उघडू नये. धूळ झाडून कार्ड पुन्हा घट्ट बसवावे.

एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास दोष कशाने गेला, हे कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना हेच शिकवितो. म्हणून वरच्या वर्गातील मुलांना ही पडताळणी अवश्य दाखवावी. केलेली प्रत्येक चाचणी दिनांकासह नोंदवहीत लिहावी. एवढे करूनही दोष न गेल्यास ती नोंद कारागिरापुढे ठेवावी, म्हणजे अनावश्यक खरेदी टळेल.