झाडाची उंची

आमच्या शाळेमागं एक बाभूळ वाळली होती. ती तोडायची ठरली. भिंत झाडापासून २५ फुटांवर. झाड भिंतीवर आलं तर? वर चढून मोजणार कोण?

आम्ही पोरांना उन्हात नेलं. जमीन सपाट होती. ३ फुटांची काठी सरळ उभी केली. तिची सावली २ फूट भरली. लगेच झाडाची सावली मोजली. ती २० फूट भरली. लगेच मोजायची बरं का! ऊन सरकतं. मागं एकदा आम्हीच उशीर केला नि हिशेब चुकला.

२ फूट सावलीला उंची ३ फूट. मग २० फूट सावलीला ३० फूट.

“गुरुजी, शेंडा भिंतीवर येतोय!” मागल्या बाकावरचा पोरगा ओरडला. एरवी तो गणिताच्या तासाला तोंड लपवतो.

गड्यांनी फांदीला दोर टाकला. झाड उलट अंगाला ओढून पाडलं.