टी ट्री तेलाबद्दल, छोटीला

चि. छोटीस,


काल तुझ्या आईचा फोन आला आणि आत्याच्या जिवाला घोर लागला. पुटकुळ्यांवर तू टी ट्री तेल लावलंस म्हणे, तेही काही न मिसळता, रात्रभर. सकाळी गाल लालबुंद, कातडी सोललेली. तेव्हापासून कॉलेज बुडवून खोलीत बसली आहेस. अगं, सायन्सला आहेस ना तू? आधी कुणाला विचारायचं तरी!

तेल खोटं आहे असं आत्या म्हणणार नाही. हे झाड ऑस्ट्रेलियातलं, न्यू साउथ वेल्सच्या ईशान्येकडच्या पाणथळ भागातलं. तिथले मूळ रहिवासी, बुंजालुंग लोक, त्याचा पाला चुरून जखमांवर लावत आले. 1920च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनतज्ज्ञाने ते तेल तपासलं, तर त्या काळच्या कार्बॉलिक ॲसिडपेक्षा ते दहापटींहून जास्त जंतुनाशक निघालं. हा गुण मुख्यतः त्यातल्या टर्पिनेन-4-ऑल या घटकाचा.

मुरुमांवरही त्याची परीक्षा झाली आहे. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना टी ट्री तेलाचं जेल दिलं, काहींना बेन्झॉइल पेरॉक्साइड. मुरुम दोघांचेही कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण आग, कोरडेपणा कमी झाला. मात्र त्या जेलमध्ये तेल होतं 5 टक्के. पुढे 2002 साली कोंड्यासाठी शाम्पू तपासला, त्यातही 5 टक्केच. आणि तू शंभर टक्के लावलंस, छोटी, तेही गालाच्या कोवळ्या कातडीला!

आईने तुझ्या खिडकीतल्या बाटलीचा फोटो पाठवला. पांढरी काच, बूच ढिलं, वर दुपारचं ऊन. हवा-उजेडाने हे तेल बिघडतं, आणि ॲलर्जी होते ती अशा बिघडलेल्या तेलानेच जास्त. एकदा ॲलर्जी जडली की मग ताजं तेलही सोसत नाही. ती बाटली टाकून दे. दादाची चिमुरडी रांगत तुझ्या खोलीत येते. हे तेल पोटात गेलं तर लहान मुलांना गुंगी येते, तोल जातो, शुद्धही हरपते.

दादाच्या नायट्यालाही तूच हे सुचवलंस म्हणे. पायाच्या बुरशीवर 10 टक्के तेलाचं क्रीम 1992 साली तपासलं होतं. खाज उतरली, पण बुरशी जायचं प्रमाण औषधाच्या मानाने फारच कमी. त्याला डॉक्टरांकडे पाठव. आणि दुकानदार हातात ठेवतो ते स्टेरॉइडवालं मलम तर नकोच. त्याने नायटा वरवर दबतो आणि आत पसरतो.

तू आता गालाला काहीही लावू नकोस. साध्या पाण्याने धू आणि उद्याच त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. पुढे कधी त्यांनी हो म्हटलंच, तर 5 टक्क्यांचं तयार जेल घे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघ. पण न मिसळलेलं तेल पुन्हा नाही. कबूल?

जास्त बोलले का गं? तुझ्या वयात आत्याचाही चेहरा असाच भरलेला होता. त्यापायी तिने गॅदरिंगच्या नाटकातली भूमिका सोडली. मुरुम यथावकाश गेले, पण ते नाटक राहिलं ते राहिलंच. अजून चुटपुट लागते. म्हणून तुझं कॉलेज बुडालेलं तिला गालापेक्षा जास्त लागलं.

सोमवारपासून वर्गात जा. डॉक्टरांकडे एकटीला जायचं नसेल तर आत्याला फोन कर, ती पहिल्या एसटीने येईल.

तुझी,
आत्या