सिगडी घेताना आणि घडवताना : पत्रा, कोळसा आणि हवा

बकरी ईद जवळ येऊ लागली की मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून सिगडीची विचारपूस सुरू होते. घरच्या अंगणात किंवा गच्चीवर सीख कबाब, टिक्का भाजण्याची आवड आता सर्वत्र वाढली आहे. बाजारात घडीच्या हलक्या सिगड्या, पिंपाच्या ग्रिल, गॅसच्या शेगड्या, तंदूर असा भरपूर माल दिसतो. गिऱ्हाईक चकाकी पाहून माल उचलते आणि दुसऱ्या वर्षी पत्रा गळून पडतो. त्याच वेळी गावातला वेल्डिंगवाला कारागीर तक्रार करतो की, आमचा जाड माल महाग म्हणून कोणी घेत नाही. दोघांचेही नुकसान एकाच कारणाने होते. माल कसा पारखावा हे एकाला ठाऊक नसते आणि तो कसा पारखून दाखवावा हे दुसऱ्याला सुचत नाही. म्हणून हा धडा दोघांसाठी आहे.

शिर्डीचे उदाहरण

अंगणातला स्वयंपाक शिर्डीला नवा नाही. हेमाडपंतांच्या ‘श्री साई सच्चरित’ ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात साईबाबांच्या हंडीचे वर्णन आहे. मशिदीच्या अंगणात चूल मांडली जाई. एक हंडी पन्नास माणसांची, दुसरी शंभर माणसांची. कधी गोड भात, कधी मटणाचा पुलाव. सामान बाबा स्वतः बाजारातून आणीत, भाव स्वतः ठरवीत आणि पैसे रोख देत. पुढे २००९ साली याच गावात संस्थानच्या प्रसादालयासाठी ७३ सौर तबकड्या बसवण्यात आल्या. उन्हाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून हजारो भाविकांचा वरण-भात शिजवावा, अशी ती योजना होती.

या दोन उदाहरणांतून व्यवहाराचा नियम निघतो. माणसे किती आणि पदार्थ कोणता, हे आधी ठरवावे. विस्तव त्यानंतर निवडावा. वाफेवर भात उत्तम होतो, पण कबाबाला निखाराच लागतो.

कोणाला कोणती शेगडी?

घरी सात-आठ माणसांसाठी लांबट पेटीसारखी कोळशाची सिगडी पुरते. लांबी २ फूट, रुंदी ८ इंच, उंची ६ इंच हे माप सोयीचे आहे. सीख दोन्ही काठांवर टेकते आणि मूठ बाहेर राहते. तळापासून दीड इंच वर कोळशाची जाळी, तिच्यावर दोन इंच निखारा आणि वर अडीच इंच मोकळी जागा, हे अंतर सीख कबाबाला योग्य आहे. हाडाचे मोठे तुकडे भाजायचे असतील तर काठावर आणखी दोन इंच उंचीची जाळी ठेवावी. नाहीतर वरून करपते आणि आत कच्चे राहते.

तंदूर तापायला वेळ आणि कोळसा दोन्ही जास्त घेतो. रोज रोटी लावणाऱ्या हॉटेलवाल्याला तो परवडतो, वर्षातून चार वेळा पेटवणाऱ्याला नाही. परदेशात मंद धुरावर तासन् तास मांस शिजवण्याची बंद पिंपे वापरतात. ती मोठमोठ्या तुकड्यांसाठी असतात. आपल्याकडे बोटी लहान आणि मसाला लावून मुरवलेली असते. धुराची चव हवी असेल तर भांड्यात वाटी ठेवून, तीत जळता निखारा व चमचाभर तूप घालून झाकण लावावे. घरोघरी चालत आलेला हा धुंगार पुरेसा आहे. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

गॅसची शेगडी स्वच्छ आणि झटपट असते. मात्र कबाबची गाडी लावणाऱ्या भावांनी ध्यानात ठेवावे की, १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर धंद्यात वापरण्यास मनाई आहे. धंद्यासाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते.

पत्रा तराजूवर तपासा

आम्ही कापडवाले कापडाचा कस त्याच्या वजनावरून ओळखतो. पत्र्यालाही हीच रीत लागू पडते. १ मिलीमीटर जाडीचा लोखंडी पत्रा दर चौरस फुटाला सुमारे ७३० ग्रॅम भरतो. वर सांगितलेल्या मापाच्या पेटीला, म्हणजे तळ आणि चार बाजू मिळून, ४ चौरस फूट पत्रा लागतो. पाय आणि जाळ्या काढून नुसती पेटी काट्यावर ठेवावी. २ मिलीमीटर, म्हणजे साधारण १४ गेजचा पत्रा असेल तर ती ५ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. १६ गेजची ४ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरेल. तीनच किलो भरली, तर पत्रा १ मिलीमीटरचा आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. घरासाठी १६ गेज चालतो, पण रोजच्या धंद्यासाठी १४ गेजच्या खाली जाऊ नये.

स्टीलच्या जाळीत आणखी एक फसगत होते. ‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४ नंबर’ असे विक्रेते सांगतात. ही कसोटी अपुरी आहे. २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्याने गंज लवकर धरतो. म्हणून नंबर बिलावर लिहून घ्यावा.

जस्त आणि रंगापासून सावध

पांढरा चकाकणारा जस्ताचा पत्रा सिगडीला कधीही वापरू नये. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि निखाऱ्याची उष्णता त्याहून बरीच जास्त असते. कारागिरांना तर हा धोका दुहेरी आहे. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. तेलाच्या २०० लिटरच्या पिंपातून ग्रिल कापायची असेल, तर आधी पिंपात काय होते ते विचारावे. रसायनाचे असेल तर घेऊ नये. तेलाचे असले तरी ते पूर्ण धुऊन, वाफ निघून गेल्याची खात्री केल्याशिवाय त्यावर कटर किंवा वेल्डिंग लावू नये. आतल्या वाफेचा स्फोट होतो. कोणतीही नवी सिगडी पहिल्यांदा रिकामीच तासभर पेटवावी, म्हणजे तेल आणि रंग जळून जातात.

कोळशाची पारख

बाभळीचा कोळसा कठीण असतो आणि जास्त वेळ टिकतो. दगडी कोळसा कबाबासाठी वापरू नये, त्यात गंधकाचा धूर असतो. चांगला कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणतो आणि मोडला की आत काळा चमकतो. आत तपकिरी दिसला तर तो अर्धवट जळलेला आहे, फार धूर देईल. भिजवलेला कोळसा वजनाला जड लागतो. पाचवा हिस्सा पाणी असेल तर किलोमागे ८०० ग्रॅमच माल मिळतो. वरच्या मापाच्या सिगडीला एका वेळी साधारण दीड किलो कोळसा लागतो.

आपला जिल्हा उसाचा आहे. ऊसतोडीनंतर शेतात जाळले जाणारे पाचट बंद भट्टीत करपवून, त्या भुकटीत खळ मिसळून कोळशाच्या कांड्या करण्याचे तंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केले. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेला त्यासाठी २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. थोड्या भांडवलात धंदा शोधणाऱ्या तरुणांनी या तंत्राची माहिती जरूर घ्यावी.

हवा : जिवाचा प्रश्न

पेटीच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी भोके असावीत, म्हणजे निखारा फुलतो. कोळशावर पांढरी राख चढल्यावरच सीख ठेवावी. रॉकेल ओतून पेटवू नये. पाऊस आला म्हणून जळती सिगडी खोलीत नेऊन दार लावू नये, आणि थंडीत उबेसाठी ती उशाशी ठेवून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास, ना रंग. माणूस झोपेतच दगावतो. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला ऐकवावे. धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही अशी जागा निवडणे, हा शेजाऱ्याचा हक्क आहे.

कारागीर बांधवांना

पातळ मालाशी भावात स्पर्धा करू नका, ती तुम्ही हरणार. दुकानात काटा ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर दोन्ही सिगड्या तोला. बिलावर गेज, वजन आणि जाळीचा नंबर लिहा. जाळी सुटी विका. ती आधी झिजते आणि गिऱ्हाईक त्या निमित्ताने परत येते. ‘खोलीत पेटवू नये’ ही सूचना पेटीवरच रंगवा.

हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांची कौम माप-तोलातल्या बेइमानीसाठी बदनाम झाली, आणि कुरआन शरीफची ८३ वी सूरह, मुतफ्फिफीन, या नावानेच तोलात घट करणाऱ्यांची आठवण देते. गेज कमी लावणे हीही तोलातली घटच आहे. जो माल काट्यावर खरा उतरतो, त्याच्या कमाईत बरकत असते, इन्शाअल्लाह.