पॅकेजच्या कागदावर न दिसणारा खर्च

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या आम्हा खानदेशी घरांचा प्रवास वर्षानुवर्षं एकाच दिशेनं होत आला. उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी धरायची आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत आखाजीला नाहीतर लग्नाला गावी जायचं. परदेशाला जायचं म्हणजे आधी मुंबई गाठायची, म्हणून तो विषय घरात निघतच नसे. 17 डिसेंबर 2023 ला सुरत विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी हिरेबाजाराच्या इमारतीचं, डायमंड बोर्सचंही झालं. आधी दुबईला आणि 2024 च्या डिसेंबरात बँकॉकला थेट विमान सुरू झालं. आता साडीच्या दुकानाशेजारीही ‘थायलंड, 4 रात्री 5 दिवस’ असे फलक दिसतात, आणि पन्नाशी ओलांडलेली आमच्यासारखी जोडपी पहिल्यांदाच पासपोर्ट काढू लागली आहेत. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी.

मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, हे हिऱ्याच्या कारखान्यात असॉर्टिंगला आहेत. 2025 च्या जूनमध्ये, शाळा उघडण्याआधी आम्ही दोघं बँकॉकला जाऊन आलो. तिकीट, हॉटेल आणि पहिल्या पूर्ण दिवशीचं शहरदर्शन एका एजंटाकडून घेतलं, बाकीचं आमचं आम्ही ठरवलं. दोन्ही तऱ्हा अनुभवल्यामुळे ठामपणे सांगते : पॅकेजची किंमत विचारताना त्यात आपला वेळ कुठे आणि कोणासाठी खर्च होणार आहे, हेही विचारलं पाहिजे. तो खर्च कागदावर कधीच नसतो.

पण आधी पैशांचं बघू. फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो आकडा शेवटचा नसतो. माणशी पंचेचाळीस हजार म्हणजे दोघांचे नव्वद. त्यावर 5 टक्के जीएसटी धरला की झाले 94,500. त्या सगळ्या रकमेवर पुन्हा 5 टक्के टीसीएस, म्हणजे एजंटानं आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा आयकर; झाले 99,225. हे दर आम्ही गेलो त्या आर्थिक वर्षातले. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलत राहतो, म्हणून आपण जाणार त्या वर्षीचा विचारून घ्यावा. नव्वदाच्या हिशेबानं पतपेढीतून पैसे काढून बसलेल्या घराला वरचे नऊ हजार ऐन वेळी उभे करावे लागतात. टीसीएस हा पुढे परत मिळू शकणारा कर आहे, पण आज तो खिशातूनच जातो. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही आणि हा कर लागत नाही. दोन्ही एकत्र एकाच एजंटाकडून घेतलं की लागतो.

‘5 दिवस’ या शब्दांकडेही नीट बघा. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. विमान उतरून, रांगेतून बाहेर पडून खोलीवर पोहोचेपर्यंत पहिला दिवस संपलेला असतो. शेवटचा दिवस बॅग भरण्यात आणि विमानतळावर जातो. पाचातले दोन इथेच गेले. त्यातच एक रात्र पटायाला असेल, तर येण्याजाण्याचा रस्ता आणखी अर्धा दिवस घेतो. त्यामुळे किती ठिकाणं दाखवणार हे विचारण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी बस किती वेळ थांबणार, हे विचारा आणि लिहून घ्या.

कागदपत्रांत सुरतच्या मराठी माणसानं एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. इथल्या कित्येक कागदांवर आपल्या नावाला ‘भाई’ नाहीतर ‘बेन’ जोडलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर आहे, आधारवर आहे, पासपोर्टवर नाही. कुणाच्या बाबतीत नेमकं उलट. माझं तिकीट एजंटाच्या माणसानं आधारकार्डाच्या फोटोवरून काढलं आणि माझ्या नावापुढे बेन लागलं, जे पासपोर्टवर नाही. निघायच्या बऱ्याच आधी मी तिकीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचलं म्हणून ते सुधारून मिळालं, तेही फी भरून. ही पडताळणी आदल्या रात्रीवर ठेवू नये. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने पुढे आहे ना, हेही त्याच वेळी बघावं.

आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागत नव्हता. 15 जुलै 2024 पासून 60 दिवसांपर्यंतची ती सवलत होती. मात्र 1 मे 2025 पासून तिथे उतरण्याआधी डिजिटल आगमनपत्र भरणं सक्तीचं झालं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तरी आमच्याकडे त्याचे पैसे मागितले गेले, आणि इंटरनेटवर पैसे उकळणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळंही आहेत. घरात शिकलेलं मूल असेल तर त्याच्याकडून दहा मिनिटांत भरून होतं. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा, कारण रांगेत अधिकारी ते मागू शकतो.

एक थाई बाथ तेव्हा साधारण दोन रुपये साठ पैशांच्या आसपास होता. रुपये घेऊन जाऊन तिथे बदलण्यात तोटा होतो, भाव फार वाईट मिळतो. आम्ही इथल्या अधिकृत विक्रेत्याकडून डॉलर घेतले, तेही शंभराच्या नोटा, कारण मोठ्या नोटेला तिथे भाव चांगला. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर आल्याबरोबर दिसतात त्या खिडक्यांपेक्षा तळमजल्याखाली, रेल्वेच्या दाराशी असलेल्या खिडक्यांवर भाव बराच बरा असतो. कार्ड वापरताना यंत्र विचारतं, रुपयांत कापू की बाथमध्ये. रुपये ओळखीचे म्हणून हात तिकडे जातो. पण बाथच निवडावा, कारण रुपयाचा भाव तिथला दुकानदार आणि त्याची बँक आपल्या सोयीनं लावतात. एटीएममधून पैसे काढले तर दर वेळी दोनशेहून जास्त बाथ शुल्क जातं, मग रक्कम कितीही असो.

आता त्या पहिल्या दिवसाबद्दल. बसनं आधी वाट त्रैमित या देवळात नेलं. तिथली बुद्धमूर्ती साडेपाच टन सोन्याची. शतकानुशतकं ती चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. 1955 मध्ये नव्या जागी हलवताना दोर तुटून मूर्ती आदळली, लेप फुटला आणि आतलं सोनं दिसलं. आयुष्यभर मौल्यवान वस्तू पारखणाऱ्या ह्यांना तिथून हलवेना. पण गाइडनं वीसेक मिनिटांत हाकारे घातले आणि बस निघाली एका जवाहिऱ्याच्या भल्यामोठ्या दालनाकडे. तिथे मात्र कुणालाच घाई नव्हती. सरबत आलं, चित्रफीत दाखवली गेली, प्रत्येक जोडप्यामागे हिंदी बोलणारी एक विक्रेती लागली. तासाभराहून जास्त वेळ बस तिथे उभी होती. कार्यक्रमपत्रिकेत हा थांबा एका ओळीत, देवळांच्या नावांमध्ये लिहिलेला होता.

ह्यांनी खिशातली काच काढली. कारखान्यात रोज डोळ्याला असते तीच, दहापट मोठं दाखवणारी. एक माणिक त्यांनी उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं आणि तीन गोष्टी विचारल्या : दगड तापवलेला आहे का, भेगांमध्ये काच भरली आहे का, आणि जे सांगाल ते बिलावर लिहून द्याल का. मुलीनं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी उत्तर दिलं ते सवलतीबद्दल. ह्यांनी माणिक मखमलीवर परत ठेवलं, नमस्कार केला आणि बाहेर येऊन बसले.

बसमध्ये इतरांनी विचारलं तेव्हा ते जे बोलले, ते इथे सांगण्यासारखं आहे. थायलंड रंगीत रत्नांचा मोठा बाजार आहे, तिथल्या चांथाबुरी शहराचे कारागीर जगात नावाजलेले आहेत, आणि दगड तापवून रंग खुलवणं धंद्यात मान्य आहे. पण भेगांत शिसेयुक्त काच भरलेलं माणिक वेगळं. काचेखाली त्यात बारीक बुडबुडे आणि निळसर झाक दिसते, त्याची किंमत खऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि लिंबाचा रस लागला तरी आतली काच खराब होते. ‘भारतात दुप्पट भावानं विकाल’ असं कुणी म्हणालं, तर तो स्वतःच भारतात येऊन का विकत नाही, हे आधी विचारावं. ते पुढे म्हणाले, ‘‘मी तीस वर्षं हिरा बघतो, पण रंगीत दगडात माझी नजर बसलेली नाही. म्हणून मी घेतला नाही.’’ सुरतेहून आलेले म्हणून आपल्याला दगडातलं कळतं, अशी समजूत त्या बसमध्ये बऱ्याच जणांची होती, आणि नेमक्या त्याच समजुतीवर विक्री होत होती.

त्यानंतरचे दिवस आमचे होते. बँकॉकच्या राजवाड्याला आम्ही साडेआठला, दरवाजे उघडतानाच पोहोचलो. रस्त्यावर नीटनेटक्या कपड्यांतला एक गृहस्थ पुढे आला : आज विधी आहे, दुपारपर्यंत बंद, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकनं तीन देवळं फिरवून आणतो. असा माणूस तुम्हालाही भेटेल. त्या टुकटुकचा शेवटचा थांबा रत्नांचं नाहीतर शिंप्याचं दुकान असतं. त्याच्याशी वाद न घालता सरळ तिकिटाच्या खिडकीपर्यंत चालत जावं. राजवाडा उघडाच होता. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस उत्तम, पुरुषांनी हाफ पँट घालू नये.

आतल्या देवळातला ‘पाचूचा बुद्ध’ पाचूचा नाही, दुसऱ्याच एका हिरव्या दगडाचा आहे. सहासष्ट सेंटिमीटर उंच, वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे राजाच्या हातून त्याचा पोशाख बदलतो. फोटो काढायला बंदी, म्हणून सगळे नुसते बघत बसलेले होते. बाहेरच्या ओवरीच्या भिंतींवर त्यांचं रामायण, रामकियेन, 178 चित्रांत रंगवलेलं आहे. मी शाळेत शिकवते त्या गोष्टीतला हनुमान तिथे पांढराशुभ्र, सोन्याच्या दागिन्यांत. आपल्या प्रचंड देहानं रामाच्या मंडपाचं रक्षण करणारा, आणि तिथल्या कथेत संसारी. मी चित्रामागून चित्र ओळखत गेले आणि हे ऐकत आले. दुपार झाली. एजंटाच्या पूर्ण पॅकेजमध्ये राजवाडा ‘ऐच्छिक, स्वखर्चानं’ होता आणि त्याला दीड तास दिलेला होता.

त्या दिवसाचा हिशेब असा. राजवाडा माणशी 500 बाथ, छेचाळीस मीटर लांबीचा निजलेला बुद्ध असलेलं वाट फो 300, नदीपलीकडचं वाट अरुण 200. दोघांचे 2000 बाथ, म्हणजे सव्वापाच हजार रुपये नुसत्या तिकिटांचे. पलीकडे नेणारी होडी मात्र माणशी पाच बाथ. तिकिटं महाग, येणंजाणं स्वस्त, हे एकदा कळलं की बजेट वेगळं मांडता येतं : टॅक्सीचे पैसे वाचवून बघण्यावर घालायचे. विमानतळावरून शहरातल्या फयाथाई स्थानकापर्यंतची रेल्वे 45 बाथ घेते.

जेवणाचंही तसंच. पॅकेजची रात्रीची भारतीय थाळी ऐकायला सोयीची, पण तिच्यासाठी बस संध्याकाळच्या गर्दीत तासभर शहर कापते. शाकाहारी असाल तर ‘जे’ एवढा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि तिथे मासळीचं पाणीही घालत नाहीत, जे एरवी भाजीतसुद्धा असतं. आम्ही सकाळी फळं, दुपारी भात, आणि रात्री घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यावर निभावलं.

दागिन्यांबद्दल बायकांना कळकळीनं सांगते. मंगळसूत्र, पाटल्या, अंगावरचं सगळं सोनं घालून परदेशी जाऊ नका. जायचंच असेल तर निघताना कस्टमकडून त्याचा निर्यात दाखला घ्या. परतताना सोनं कुठलं, हा प्रश्न आला तर तोच कागद उपयोगी पडतो. मी काळ्या मण्यांची साधी पोत घालून गेले.

परतल्यावर एक काम उरतं आणि बहुतेक घरांत ते राहून जातं. कापलेला टीसीएस ज्यानं पैसे भरले त्याच्या पॅनवर जमा होतो. पॅकेजचे पैसे गृहिणीच्या खात्यातून दिले असतील आणि ती विवरणपत्र भरत नसेल, तर तिनं त्या वर्षाचं विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. म्हणून पैसे देतानाच, घरात जो दरवर्षी विवरणपत्र भरतो त्याच्या खात्यातून द्या. एजंटाकडून टीसीएसचा दाखला (आम्ही गेलो तेव्हा तो फॉर्म 27डी होता) मागून घ्या आणि रक्कम आपल्या पॅनच्या वार्षिक करपत्रकात (तेव्हाचा फॉर्म 26एएस) चढली आहे का ते बघा. आमच्या एजंटानं ती आधी चढवलीच नव्हती. दोनदा जाऊन बसल्यावर चढली, आणि जुलैच्या पगारातून मी पुढच्या सहलीसाठी टपालात आवर्ती खातं उघडलं.