शेतावरील जीपगाडी : स्टिअरिंगच्या भागांची निवड

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, मुंबईत विलिस जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत ही गाडी ग्रामीण भागात दूरवर पोहोचली. त्या घडणीच्या जुन्या गाड्या आजही कित्येक शेतांवर कामात आहेत. पावसाळ्यातील काळ्या रानाचा चिखल, ओढ्याचे पात्र, उसाच्या फडाकडे जाणारी गाडीवाट अशा ठिकाणी गाडी अडू नये म्हणून पुष्कळ मालक तीत फेरफार करून घेतात. मूळचे ६.००-१६ मापाचे टायर काढून अधिक रुंद व उंच टायर चढविले जातात. लांब शॅकल लावून किंवा पाटे ॲक्सलच्या वर घेऊन गाडी उंच केली जाते. चाके मोठी झाली की स्टिअरिंग जड होते, आणि मग जुन्या बाजारातून एका गाडीचा बॉक्स, दुसऱ्या गाडीचा आर्म व तिसऱ्या गाडीचे टाय रॉड आणून जुळवाजुळव केली जाते.

धोका येथेच उत्पन्न होतो. एखादा भाग जागेवर बसला म्हणजे तो जुळला असे होत नाही. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. परंतु घाटाच्या वळणावर चाकांचा स्टिअरिंगशी असलेला संबंध तुटला, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. यास्तव स्टिअरिंगचा कोणताही भाग एकटा न निवडता, चालकाच्या हातापासून चाकापर्यंतची सर्व साखळी एकत्र विचारात घेऊनच निवडणे अगत्याचे आहे.

यंत्रणेची रचना

स्टिअरिंगचा दांडा बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर पिटमन आर्म बसतो. कारखान्यात यालाच ड्रॉप आर्म असेही म्हणतात. आर्मचे टोक ड्रॅग लिंक पुढेमागे ढकलते. जुन्या जीपमध्ये ही ड्रॅग लिंक मधोमध खुंटीवर फिरणाऱ्या बेलक्रँकला जोडलेली असते, आणि बेलक्रँकपासून निघालेले टाय रॉड दोन्ही चाकांच्या नकलना वळवितात. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई आली, तरी चालकाच्या हाती तिची बेरीज येते.

प्रथम दोषाचे कारण शोधावे

स्टिअरिंग जड झाले म्हणून लगेच बॉक्स बदलू नये. पुढील टायरांतील हवा बरोबर आहे, याची प्रथम खात्री करून घ्यावी. नंतर मागील चाकांना घट्ट ओट लावून पुढील दोन्ही चाके जॅकवर उचलावीत व ॲक्सलखाली भक्कम आधार द्यावेत. आता ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या फिरवून पाहाव्यात. स्टिअरिंगचे चाक जड फिरत असेल, तर दोष बॉक्समध्ये किंवा दांड्यात आहे. पुढील चाके हाताने जड वळत असतील, तर किंगपिनची बेअरिंगे, टाय रॉडचे सांधे किंवा बेलक्रँकचा बुश कोरडा पडला अथवा झिजला आहे. दोन्ही बाजू हलक्या फिरत असतील, तरच जडपणाचे कारण रुंद टायर, वाढलेले वजन किंवा बदललेले कोन यांत आहे असे समजावे. पुष्कळदा बुश, बेअरिंगे व ग्रीस एवढ्यावरच काम भागते आणि बॉक्सचा खर्च वाचतो.

बॉक्सची निवड

बॉक्स बदलणे अपरिहार्य ठरल्यास त्याचे प्रमाण पाहावे. स्टिअरिंगचे चाक किती अंश फिरले असता पिटमन आर्म एक अंश फिरतो, ते त्या बॉक्सचे प्रमाण होय. जुन्या जीपमधील रॉस जातीच्या बॉक्सचे प्रमाण मध्यावर सुमारे १२ : १ व टोकांकडे १४ : १ च्या आसपास असते. १९७२ पासून अमेरिकेतील जीपमध्ये फिरत्या गोळ्यांचा बॉक्स आला. या जातीच्या हातस्टिअरिंगच्या बॉक्सचे प्रमाण २४ : १ पर्यंत असते. आर्म एकूण ६० अंश फिरवावयाचा असल्यास १४ : १ च्या बॉक्सला सुमारे सव्वादोन ते अडीच फेरे लागतात; २४ : १ च्या बॉक्सला ४ फेरे लागतात. हाताला पडणारा जोर कमी होतो, पण फेरे वाढतात. चिखलात मंद गतीने काम करणाऱ्या गाडीला हा बदल सोयीचा आहे. रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीत मात्र चालकाला त्याची सवय करून घ्यावी लागते.

प्रमाणाइतकेच महत्त्व फिरण्याच्या दिशेला आहे. डाव्या बाजूस स्टिअरिंग असलेल्या परदेशी गाडीचा बॉक्स आपल्याकडील उजव्या बाजूच्या गाडीत आणल्यास आर्मची बाजू व दिशा उलट होऊ शकते. तसेच बॉक्स ॲक्सलच्या मागे होता तो पुढे बसविला, तरीही दिशा बदलू शकते. अशा गाडीत चालकाने उजवीकडे फिरविले असता चाके डावीकडे वळतील. म्हणून बॉक्स विकत घेण्यापूर्वी तो हातात धरून फिरवावा व आर्म कोणत्या बाजूस जातो, हे मूळ बॉक्सशी ताडून पाहावे.

आर्मची लांबी

पिटमन आर्म लांब घेतला तर चाके अधिक वळतात, परंतु हाताला व शाफ्टला जास्त ताण पडतो. आर्म आखूड घेतला तर स्टिअरिंग हलके होते, पण गाडी कमी वळते. उदाहरणार्थ, आर्म व नकलचा हात दोन्ही ६ इंचांचे असून आर्म प्रत्येक बाजूस ३० अंश फिरत असेल, तर चाकही सुमारे ३० अंश वळते. त्याऐवजी ५ इंचांचा आर्म बसविल्यास चाक सुमारे २५ अंशच वळते. जीपच्या दोन ॲक्सलांतील अंतर ८० इंच धरले, तर मागील ॲक्सलच्या मध्याची वळण-त्रिज्या ढोबळमानाने ११॥ फुटांवरून १४॥ फुटांवर जाते. शेताच्या कोपऱ्यात हा फरक तत्काळ जाणवतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाके सरळ असताना बॉक्सही बरोबर मध्यावर असला पाहिजे. कारण मध्यावर त्याची ढिलाई सर्वांत कमी राखलेली असते. तसेच चाक पूर्ण वळल्यावर ॲक्सलवरील थांब प्रथम लागला पाहिजे. बॉक्स आतून प्रथम अडत असेल, तर खड्ड्यातील प्रत्येक धक्का बॉक्सच्या दात्यांवर बसतो.

टेपर, दाते व आटे

बॉल जॉइंटचा खिळा निमुळता असतो व तितक्याच निमुळत्या भोकात तो घट्ट बसतो. हा निमुळतेपणा, म्हणजे टेपर, सर्व गाड्यांत सारखा नसतो. १ : ८ व १ : १० ही प्रमाणे नेहमी आढळतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही आणि नटही आवळला जातो. परंतु खिळा भोकाच्या एकाच कडेला टेकलेला असल्यामुळे तो हलत राहतो, भोक मोठे होते व शेवटी खिळा मोडतो. याची परीक्षा सोपी आहे. खिळ्यास निळ्या रंगाचा पातळ हात द्यावा, तो भोकात दाबून किंचित फिरवावा व बाहेर काढून पाहावा. रंगाची खूण बहुतेक सर्व पृष्ठभागावर उमटली पाहिजे. ती केवळ वरच्या किंवा खालच्या कडेला पट्ट्यासारखी दिसल्यास तो भाग वापरू नये. पातळ पत्रा गुंडाळून पोकळी भरणे अत्यंत धोक्याचे आहे.

शाफ्टवरील दात्यांची संख्या व व्यास मोजून घ्यावेत. जवळपास तेवढेच दाते चालत नाहीत. कानशीने घासून किंवा हातोडीने ठोकून बसविलेला आर्म निसटतो. टाय रॉडच्या एका टोकास उजवे व दुसऱ्या टोकास डावे आटे असतात, त्यामुळे दांडा फिरवून लांबी कमीजास्त करता येते. दोन्ही टोकांचे आटे नळीत निदान व्यासाच्या दीडपट खोल गेलेले असावेत. नट आवळल्यावर खाच व भोक समोरासमोर न आल्यास नट पुढे आवळावा, मागे सोडू नये. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवीन घालावी.

उंच केलेली गाडी

गाडी उंच केल्यावर चासी वर जाते, पण ॲक्सल खालीच राहतो. त्यामुळे स्टिअरिंगचे जे दांडे चासीवरील भागाला ॲक्सलवरील भागाशी जोडतात, ते तिरपे होतात. असा तिरपा दांडा पाटे वरखाली होताच चाकाला आपोआप वळवितो, आणि चालकाने हात स्थिर धरला तरी खड्ड्यात गाडी बाजूला ओढली जाते. उपाय म्हणून दांड्याचे नकलकडील टोक वर घ्यावे किंवा खाली वाकलेला पिटमन आर्म वापरावा. मात्र दुसऱ्या उपायाने शाफ्टवर ताण वाढतो, हे विसरू नये. दांडा लांब करावा लागल्यास तो जाड घ्यावा. कारण सरळ दाबाखाली वाकण्याविरुद्धची ताकद लांबी दुप्पट होताच चौथाई उरते.

लांब शॅकलमुळे किंगपिनचा कलही बदलतो. तो कमी झाल्यास चाके आपोआप सरळ येत नाहीत व गाडी रस्त्यावर भरकटते. जुन्या विलिस जीपकरिता हा कल ३ अंश व पुढील चाकांचे आत वळलेपण ३/६४ ते ३/३२ इंच सांगितलेले आहे. पुढील चाके थरथरत असल्यास डँपर लावून दोष झाकू नये. झिजलेला सांधा प्रथम शोधावा.

जोडणी व पॉवर स्टिअरिंग

जड चाकांचा सर्व जोर अखेर बॉक्सच्या बोल्टांवर व चासीवर येतो. सबब बॉक्सजवळील चासीला तडे नाहीत हे पाहावे व जोर मोठ्या भागावर पसरेल अशी जाड पट्टी बसवावी. दांड्यातील युनिव्हर्सल जॉइंटचा कोन साधारणतः ३० अंशांहून अधिक ठेवू नये. पॉवर स्टिअरिंग घेतल्यास पंपाचा दाब व तेलाचा प्रवाह बॉक्सला अनुरूप असावेत. शक्य तर दोन्ही एकाच संचातील घ्यावेत. इंजिन बंद असतानाही गाडी हाताने वळली पाहिजे. पिटमन आर्म, नकल व टाय रॉड तापवून वाकवू नयेत, किंवा तुटल्यास वेल्डिंग करून पुन्हा वापरू नयेत.

काम पुरे झाल्यावर

एकाने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे व दुसऱ्याने गाडीबाहेरून प्रत्येक सांध्याकडे पाहावे. टायर, ब्रेकचा पाइप किंवा पाटे कोठेही घासता कामा नयेत. प्रथम मोकळ्या रानात सावकाश चालवून सर्व नट पुन्हा तपासावेत. त्यानंतरच गाडी रस्त्यावर आणावी. चिखलाच्या हंगामात ही तपासणी दर आठवड्यास करणे हिताचे आहे.

शेवटी, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असे फेरफार करण्यास बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवलेली आहे. म्हणून भाग विकत घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ज्यांची गाडी मूळच्या टायरांवर काम भागवू शकते, त्यांनी मूळचाच बॉक्स नव्या बुश व बेअरिंगांसह दुरुस्त करून घ्यावा. हा मार्ग स्वस्त असून त्यात सर्व भाग एकमेकांशी आधीच जुळलेले असतात.