मनगट, पाऊल आणि खालचा मजला

आई-बाबांनो, दसरा-दिवाळीचे दिवस आले किंवा वार्षिक परीक्षा संपली की माझ्या क्लासच्या दारात एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, इलेक्ट्रॉनिक ड्रम कोणता घेऊ? फार महाग नको, अजून त्याचं काही नक्की नाही." नक्की नाही, हे अगदी खरं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं काय नक्की असणार? पण त्या 'नक्की नाही'पायी आपण कधी कधी इतकं स्वस्तातलं काहीतरी घरी आणतो की त्यावर धड वाजवताच येत नाही. मूल दोन महिन्यांत त्याकडे फिरकेनासं होतं आणि आपण म्हणतो, "बघ, सोडलंसच शेवटी." पुष्कळदा मूल कंटाळलेलं नसतंच. वाद्यानंच त्याचा हिरमोड केलेला असतो. म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

सगळ्यात आधी, घाई करू नका. पहिले तीन-चार महिने एक रबरी प्रॅक्टिस पॅड आणि स्टिक्सची एक जोडी पुरते. दोन्ही मिळून हजार-दीड हजारात काम होतं. स्टिक घेताना दुकानदार सवयीनं ५ए देईल. लहान हातांना ती जड जाते, ७ए मागा, ती बारीक आणि हलकी असते. डावा-उजवा एकसारखा पडणं, स्टिक उसळल्यावर तिला बोटांत सांभाळणं, मेट्रोनोमच्या टिकटिकीला धरून राहणं, ही सगळी बैठक पॅडवरच तयार होते. क्लासमध्ये खरा ड्रम असतोच. घरी पॅडवर रोज पंधरा मिनिटं कुणी मागे न लागता बसणारं मूल दिसलं की मगच किटचा विचार करा.

आता किट. वाटतो तितका तो गुंतागुंतीचा नाही. प्रत्येक पॅडच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी एक पातळ चकती असते. स्टिक पडली की ती थरथरते आणि त्या थरथरीतून विजेचा बारीकसा झटका निघतो. तो वायरीतून मॉड्यूल नावाच्या डब्यात जातो. झटका किती जोराचा आहे हे पाहून डबा आत साठवलेला स्नेअरचा (समोरचा मुख्य ड्रम), टॉमचा (बाजूचे ड्रम) किंवा झांजेचा आवाज तेवढ्या जोरात ऐकवतो. जाहिरातीत मिरवतात ते या डब्यातले आवाज : शेकडो आवाज, चाळीस-चाळीस किट, गाणी, दिवे. शिकणारं मूल वर्षभर त्यातली दोन-तीन किट वापरतं. तुमचे पैसे जायला हवेत ते मुलाचं अंग जिथे वाद्याला टेकतं तिथे : मनगटाखालचा स्नेअर, पावलाखालचं पेडल आणि बसायचं स्टूल. एवढं एक धरून दुकानात गेलात तर फसणार नाही.

स्नेअर जाळीचा घ्या. जाळी म्हणजे बारीक विणीचं ताणलेलं कापड, दुकानात त्याला मेश म्हणतात. १९८१ साली इंग्लंडच्या सिमन्स कंपनीनं षटकोनी पॅडचा एक इलेक्ट्रॉनिक ड्रम काढला. दिसायला देखणा होता आणि त्या दशकातल्या पॉप गाण्यांत खूप वाजला, पण पॅड इतके कडक होते की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायला लागली. पुढे १९९७ मध्ये रोलँडनं टीडी-१० हा संच जाळीच्या पॅडसकट आणला आणि हाताला खऱ्या ड्रमच्या जवळ जाणारी उसळी मिळू लागली. तेव्हा जे फक्त व्यावसायिकांना परवडायचं, ते आज शिकाऊ किटमध्ये मिळतं. मग मुलाच्या मनगटाला कडक रबर का द्यायचं? टॉम आणि झांजा रबरी असल्या तर चालेल, स्नेअर मात्र जाळीचाच हवा. घरी आणल्यावर जाळी बहुतेकदा सैल असते. सोबत आलेल्या चावीनं समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा. आवाजात फरक पडणार नाही, पण उसळी बदलेल. शिक्षकांना एकदा हात लावून बघायला सांगा.

पावलाचा विचार आपल्याकडे फार कमी होतो, म्हणून इथे थोडी थांबते. खऱ्या ड्रममध्ये उजव्या पावलानं पेडल दाबलं की एक छोटा गोळा मोठ्या ड्रमवर जाऊन आपटतो आणि परत येतो. त्या परतीचं वजन पावलाला कळणं, हाच तर धडा असतो. स्वस्त किटमध्ये पेडलला गोळाच नसतो, ते नुसतं खटका असलेलं बटण असतं. ते शांत असतं, हा त्याचा फायदा. यामाहाच्या डीटीएक्स४०२ मालिकेतल्या सगळ्यात स्वस्त संचात असंच बिनगोळ्याचं पेडल येतं, तर त्याच मालिकेतल्या ४३२ आणि ४५२ मध्ये मोठ्या ड्रमच्या जागी उभा किक पॅड आणि खरं पेडल मिळतं. मॉड्यूल तेच, फरक पावलाखालचा. तळमजल्यावर राहत असाल तर हे थोडे जास्त पैसे नि:शंक घाला. वरच्या मजल्यावर असाल आणि खालच्यांची खात्री नसेल, तर बिनगोळ्याचं पेडल घेऊन खऱ्या पेडलचा सराव क्लासमध्ये करून घेणं शहाणपणाचं. डाव्या पावलाखालचं हाय-हॅटचं, म्हणजे जोडझांजेचं, पेडलही तपासा. ते नुसतं उघडं आणि बंद एवढंच ओळखत असेल तर मधला, अर्धवट उघडा, सळसळणारा आवाज मुलाला काढताच येणार नाही.

दुकानात मुलाला सोबत न्याच, आणि तुम्हाला वाजवता येत नसलं तरी पुढच्या चाचण्या स्वतः करा. स्नेअरवर स्टिकनं अगदी हळू, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर थोपटावं तसं टेकवत जा. आवाज येतो का? पुष्कळ स्वस्त किट हलका हात ऐकतच नाहीत, मग मूल सगळंच जोरात बडवायला शिकतं आणि ती सवय मोडताना आम्हा शिक्षकांचा घाम निघतो. आता हळूहळू जोर वाढवत न्या. आवाज पायरीपायरीनं चढला पाहिजे, हळू आणि मोठा असे दोनच कप्पे नकोत. जाळीच्या बरोबर मधोमध आणि कडेजवळ मारून बघा, काही पॅडमध्ये मधला ठिपका एकदम ओरडतो. एक टॉम जोरात मारा आणि स्नेअरचा आवाज चुकून येतो का ते ऐका. क्रॅश झांज मारून लगेच तिची कड चिमटीत धरा. आवाज तिथल्या तिथे थांबला तर उत्तम. शेवटी मुलाला बसवा. दोन्ही पावलं पेडलवर पूर्ण टेकतात का, खांदे वर न चढता हात झांजेपर्यंत पोचतो का, मांड्या किंचित उताराला आहेत का, हे पाहा. मूल डावखुरं असेल तर सांगाडा आणि वायरी उलट्या बाजूनं लावता येतात का ते तिथेच विचारा.

किमतीचं म्हणाल तर त्या सेलगणिक हलतात, त्यामुळे अंदाजच सांगते. वीस-पंचवीस हजारांत डॉनरसारख्या कंपन्यांचे छोटे संच येतात. त्याच्या वर, साधारण पस्तीस ते पन्नास हजारांच्या पट्ट्यात अलेसिसचे नायट्रो आणि यामाहाचे सुरुवातीचे संच असतात. रोलँडचा टीडी-०२ त्याच्या आसपास किंवा थोडा वर. माझा कल विचाराल तर जाळीचे पॅड आणि खरं पेडल एकत्र देणारा नायट्रोच्या जातीचा संच पहिल्या किटला पुरेसा आहे. यामाहाच्या डब्यातले सरावाचे खेळ चांगले आहेत, ताल कुठे पुढे-मागे होतोय हे मुलाला तिथल्या तिथे कळतं, पण पॅड रबरी आहेत. टेबलावर पसरायचे गुंडाळता येणारे सिलिकॉनचे ड्रम मात्र घेऊ नका. ते खेळणं आहे, त्यानं हात बिघडतो. आणि हिशेबात आणखी पाच-सात हजार धरून ठेवा, कारण स्टूल आणि हेडफोन बहुधा वेगळे घ्यावे लागतात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालणार नाही. उंची कमी-जास्त करता येणारं गोल स्टूलच हवं, नाहीतर मुलाची पाठ वाकते.

हेडफोन वायरचाच घ्या. किटवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं ते मोबाइलवरचं गाणं डब्यात आणण्यासाठी. बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज क्षणभर मागे पडतो, आणि ड्रममध्ये तो क्षणच सगळं काही असतो. आवाजाची मर्यादाही आधीच ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये घालून दिलेलं मान मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आहे, मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५. घरी डेसिबल कोण मोजणार? साधी खूण सांगते : हेडफोन घातलेल्या मुलाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. त्याला काहीच कळलं नाही तर बटण खाली आणा. योग्य जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या, त्याच्या पुढे जायचं नाही.

आता शेजाऱ्यांचं. इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिनआवाजी, असं समजून पुष्कळ जण घेतात आणि आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते. जाळीमुळे हवेतून जाणारा आवाज कमी होतो, पण पावलाचा ठोका सांगाड्यातून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून खालच्यांच्या छतात उतरतो. त्यांना सूर-ताल काहीच ऐकू येत नाही, नुसतं धप्प धप्प. सतरंजीनं किट सरकायचा थांबतो, ठोका थांबत नाही. त्यावर जगभरचे ड्रमर एक उपाय करतात आणि तो आपल्या सुताराकडून सहज होतो. किटच्या मापाचे जाड प्लायवूडचे दोन तक्ते घ्यायचे. खालच्या तक्त्यावर ओळीनं, वितभर अंतर ठेवून, टेनिस बॉल अर्धवट बसेल एवढी भोकं पाडून घ्यायची. त्यांत बॉल ठेवायचे, वर दुसरा तक्ता, त्यावर सतरंजी आणि मग किट. तक्ता भिंतीला कुठेही टेकता कामा नये, टेकला तर ठोका भिंतीतून उतरतो. वजन सगळीकडे सारखं पडायला हवं, नाहीतर स्टूलच्या बाजूचे बॉल चेपून सगळं कलंडतं.

आणि तक्ते बसवल्यावर मुलाला वाजवायला सांगून तुम्ही स्वतः खालच्या घरी जा. "काकू, जरा पाच मिनिटं बसू का? वर वाजवतोय, किती येतं ते ऐकायचंय." त्यांच्याच बैठकीत बसून वेळ ठरवा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरतात आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण दुपारी झोपणाऱ्या आजोबांना किंवा दहावीच्या मुलीला नियमाच्या आकड्यांचा काय उपयोग? संध्याकाळी ६ ते ७ म्हणालात तर ६ ते ७च. असा शब्द पाळला की शेजारचे पुढे स्वतःहून विचारतात, "आज वाजवलं नाही का हो?"

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तबल्याला बसलेलं मूल घरभर ऐकू येतं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "चुकलं बघ." हेडफोन लावून ड्रम वाजवणारं मूल एकटं पडतं. त्याच्या कानात अख्खा बँड वाजत असतो आणि तुम्हाला ऐकू येते ती नुसती टकटक. काही महिन्यांनी ती टकटक घराला त्रासदायक वाटू लागते आणि "बंद कर आता" तोंडातून निघतं. यावर उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा मॉड्यूलची वायर घरातल्या एखाद्या स्पीकरला जोडा आणि सगळे समोर बसा. दहाच मिनिटं, आवाज बेताचा. काय वाजवलं हे कळलं नाही तरी चालेल. "तो मधला भाग पुन्हा वाजव ना" एवढं म्हणा आणि मुलाचा चेहरा बघा.

"पण हे आपलं वाद्य आहे का हो? त्यापेक्षा तबला बरा," असंही एखादे आजोबा म्हणतात. त्यांना सांगा, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात कावस लॉर्ड, तसेच आर. डी. बर्मन यांच्याकडचे फ्रँको वाझ यांच्यासारख्यांनी हे वाद्य वाजवलं, त्या ठेक्यांवर आजोबांची तरुणाई गेली आहे. गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू मुंबईत तबला शिकले आणि पुढे जगभर ड्रम वाजवू लागले. पथकात ताशा वाजवणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची मनगटं आधीच तयार असतात, मला फक्त पावलं शिकवायची असतात.

नवा किट परवडत नसेल तर संकोच करू नका, जुना बघा. वर्ष-दीड वर्षात अडगळीत गेलेले चांगले किट शहरात बरेच असतात. घेताना स्नेअरची आणि किकची वायर हलवून बघा, आवाज तुटतो का? जाळीला भोक असेल तर ती बदलता येते, पण सांगाड्याच्या प्लॅस्टिकच्या पकडी तुटलेल्या असतील तर सुटे भाग मिळता मिळत नाहीत. अडॅप्टर मूळचाच आहे ना ते विचारा, भलताच लावून मॉड्यूल जळालं तर उरलेल्या किटचा काही उपयोग नाही. ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या असतील तर त्या कोणत्या किटवर होतात हे शिक्षकांना आत्ताच विचारून घ्या. घरी इलेक्ट्रॉनिक असला तरी आठवड्यातून एकदा खऱ्या ड्रमवर हात पडलाच पाहिजे. तिथे आवाज कमी करायचं बटण नसतं, तो मनगटानंच कमी करावा लागतो.

या शनिवार-रविवारी दुकानात जाणार असाल तर मुलाची रोजची स्टिक आणि घरातला वायरवाला हेडफोन पिशवीत टाका, दुपारी गर्दी नसताना जा, आणि दुकानदारानं लावलेलं तयार गाणं आधी बंद करायला सांगा.